तळ्यावरचं घुबड अन् आईचं ढेकूळ

भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता तेव्हाची गोष्ट. बाबा तिथं क्रेनखाली लोखंड बांधायचे. आम्ही भंडाऱ्याकडून आलेलो, नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर. बाबांनी घरातले देव नदीत सोडले, पण आईच्या मनातलं घुबड काही सुटलं नव्हतं.

आमच्या झोपड्यांमागं तळं होतं अन् तळ्यावर अर्जुनाचं जुनं झाड. त्याच्या ढोलीत मासे खाणाऱ्या मोठ्या घुबडांची जोडी राहायची. त्यातलं एक दिवसभर फांदीवर बसून असायचं; डोळे पिवळेजर्द, पायावर पिसाचा पत्ता नाही. मी नऊ वर्षांची, अंगात मस्ती भरपूर. पाहू तर उडते का, म्हणून एक ढेकूळ हाणलं. ते जागचं हाललं नाही. मीच घरी येऊन तापानं फणफणली.

आमच्याकडे म्हणत, घुबडाले ढेकूळ मारलं का ते उचलून नेते अन् घासत बसते. ढेकूळ झिजते तसतसं मारणारं माणूस झिजते. मी कबूल केलं तशी आईनं कपाळावर हात मारला. "अवं मेले, दुसरं काही नाही भेटलं तुले?" मग रोज दुपारी मले शेजारणीपाशी ठेवून ती झाडाखाली ढेकूळ शोधायले जायची. बाबाले सांगायची, सरपण आणाले चालली.

एका रविवारी बाबा मागोमाग गेले. आईच्या पदरात खेकड्याची कवचं, माशाचे काटे, उंदराची हाडं, घुबडानं ओकलेलं सारं. "हेच खाते जी ते," आई रडत म्हणाली, "ढेकूळ कुठंच नाही." अंधश्रद्धेवर तासभर बोलणारे माझे बाबा! पँट वर खोचून तेही मातीत बसले अन् शोधू लागले.

ताप दवाखान्याच्या गोळ्यांनी उतरला. आई म्हणे, गोळ्यांनी बी उतरला. तिचं झाडाखाली जाणं मात्र सुटलं नाही, आता मलेही संगं नेई. ढोलीतून कापसासारखं पिल्लू डोकं काढायचं अन् आम्ही दोघी खुदखुदायचो. काय सुखाचे दिवस होते ते!

तवर भोवतालची मोठी झाडं रस्त्या-क्वार्टरांपायी पडून राहिली होती. पुढं तळीही बुजली, मासे गेले, त्यांच्यामागं घुबडंही. आज भिलाईत मले ते शोधून दिसत नाही.

पिल्लू ढोलीत होतं तेव्हाच आमच्या झाडाचीही पाळी आली. गँग कुऱ्हाडी घेऊन आली तशी आई बुंध्याले पाठ लावून उभी राहिली. पिल्लू उडेस्तोवर थांबा म्हणाली. मुकादम हसला, "मनहूस चिड़िया है, बाई."

आईनं मले पुढं ओढलं. "ही माझी पोरगी त्याच्या हाती सापडली होती. त्यानं सोडली. आता त्याचं लेकरू तुमच्या हाती हाय."

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, विडी विझवली अन् गँगले पलीकडच्या बाभळींकडे घेऊन गेला.