वाट बंद आहे

आंदर मावळातल्या रूपाताईनं घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. वेबसाइट मी करून दिली. लोणावळ्यात माझं तेच काम. पण गूगलवर ती सापडेचना. मग 'साइट वर आणून देतो' म्हणणाऱ्या एका एजंटानं तिच्या लिंक शेकडो साइटवर टाकल्या. कुठं चपलांचं दुकान, कुठं परदेशी लॉटरी! माझं डोकंच फिरलं. लिंक म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी टाकलेला शब्द; तो टाकणाऱ्याला पत नको? असल्यांना गूगल भीक घालत नाही.

ताई मात्र रोज गुरं घेऊन डोंगरावर जायची आणि कुठली वाट बंद, ओढ्याला पाणी किती, ते साइटवर लिहायची. डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या एका जुन्या पथकानं ते वाचून आपल्या साइटवर तिची लिंक दिली. त्या पथकाचा शब्द सगळे मानतात. लिंक एकच, पण काही आठवड्यांत ताई गूगलच्या पहिल्या पानावर आली.

मी तिच्या ओट्यावर असतानाच तिला पुण्याहून फोन आला. "तुमचंच नाव सगळ्यात वर आहे. या शनिवारी आठ जण येतो."

"ह्या शनवारी नगं, दादा. वाट लय निसरडी झालीया."

मी कपाळावर हात मारला.

"मग पुढच्या शनिवारी," पलीकडून आवाज आला, "पण तुमच्याकडंच."