कपिलेची पत्रिका

माझी सुजाता माघातल्या पहाटे वालीवला जन्मली, असं भटजींनी साखरपुड्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं तेव्हा मी पेढा चावत होते. सुजाता जन्मली भर दिवाळीत, दुपारी, वसईच्या दवाखान्यात. मला नक्की ठाऊक आहे, मी तिथे होते!

“माझा वाढदिवस माघात?” सुजाता ओरडली. (अशा वेळी मुलीनं मान खाली घालायची असते. आमच्याकडे ती पद्धत रुजली नाही.)

होणाऱ्या विहीणबाईंनी ओटीचा नारळ खाली ठेवला. “मग आम्ही जुळवली ती पत्रिका कोणाची?”

सगळा घोळ एका कुकरपायी. बोळिंजच्या मैदानात घरगुती सामानाचं प्रदर्शन लागलं होतं. मी सोडतीच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकीवर नाव, पत्ता, फोन, सगळं सुवाच्य. (चौथी पास आहे, अक्षर चांगलं आहे.) कुकर लागला नाही. फोन लागले! कर्ज घ्या, कार्ड घ्या, नवऱ्याला घेऊन फुकट जेवायला या. नवरा तर कधीच देवाघरी गेलेला. “त्याला आणायला तूच जा,” मी एकीला सांगितलं.

सगळ्यात चिवट विमावाल्या पोरी. उठसूट “मुलीच्या लग्नासंदर्भात बोलायचं होतं!” शेवटी माझा मुलगा निलेश म्हणाला, “आये, फोनवर कोणाला खरी जन्मतारीख द्यायची नाय. पिच्छाच सोडत नसतील तर काहीतरी ठोकून दे.”

दुसऱ्याच दिवशी मी बोंबील तळत असताना फोन वाजला. “नमस्कार काकी, सातिवलीवरून बोलतेय. मुलीच्या लग्नासंदर्भात माहिती हवी होती. जन्मतारीख, वेळ, ठिकाण?”

आता वेळसुद्धा? विमावाले फारच पुढे गेले म्हणायचे! मला खोटं पटकन सुचत नाही. म्हणून खरंच सांगितलं, फक्त आमच्या कपिलेचं. ती वालीवला माझ्या बहिणीच्या गोठ्यात जन्मलेली कालवड. साल तेवढं सुजाताचं लावलं.

आठवड्याभरात मध्यस्थ दारात. “वहिनी, सातिवलीचं स्थळ! पत्रिका अशी जुळली की भटजी चाट पडले!” पत्रिका यांना दिली कोणी, हे मी विचारायला हवं होतं. पण मुलगा चांगला होता, सुजाताला आवडलाही होता. अशा वेळी मी फार विचारत नाही.

“आये,” साखरपुड्यात निलेश आता दबक्या आवाजात म्हणाला, “तू कोणाची तारीख दिलीस?”

“कपिलेची.”

“कपिला कोण?” विहीणबाई.

“आमची गाय.”

“म्हणजे माझ्या प्रशांतची पत्रिका गाईशी जुळवली?”

“कालवडीशी,” मी म्हटलं. “अजून लहान आहे.”

भटजींनी खऱ्या तारखेवरून तिथल्या तिथे मांडून पाहिलं. गुण निम्मेही भरेनात. विहीणबाई उठून चपला शोधायला लागल्या. सुजाताचे डोळे भरले आणि मी उरलेला पेढा परत ताटात ठेवला.

तेवढ्यात प्रशांतची बहीण पुढे झाली. “आई, चूक माझी. मध्यस्थांकडून नंबर घेऊन तो फोन मी केलेला. विम्याच्या ऑफिसात दिवसभर हेच वाक्य बोलते, तोंडात तेच आलं.” मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “काकी, मागे मला ‘फोन ठेव, मेले’ म्हणालेल्या त्या तुम्हीच का?”

“मीच.”

प्रशांतला हसू आवरेना. “आई, गाईशी एवढे गुण जुळूनही मी हिच्याशीच लग्न करतोय ना? बस खाली.”

विहीणबाई बसल्या. “पण मानाची साडी मला हवी हां, गाईला नाही!”

याला आता कितीतरी वर्षं झाली. कपिला केव्हाच गेली. जिचे गुण जुळले नाहीत ती सुजाता मजेत नांदतेय. आम्ही दोघी विहिणी अजून टिकून आहोत, फोनही करतो. मध्ये मी त्यांना त्यांची जन्मतारीख विचारली. त्यांनी सांगितली. त्या तारखेला मी साडी आणि केक घेऊन सातिवलीला थडकले.

तारीख त्यांच्या बैलाची होती.