जो काम करणार नाही
बाबा सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते आणि कामगारांची पत्रकंही तेच लिहायचे. एक वाक्य प्रत्येक पत्रकात ठरलेलं: जो काम करणार नाही, तो खाणार नाही. रोख मालकांवर, गादीवर लोळणाऱ्यांवर. हे वाक्य मूळ बायबलातलं, हे मला परभणीत राज्यशास्त्र शिकवायला लागल्यावर कळलं. तिथे म्हटलंय, ज्याची काम करायची इच्छा नाही, त्याने खाऊ नये. घोषणा करताना कोणीतरी ती इच्छा काढून टाकली होती. मी मोठ्या हौसेने बाबांना सांगायला गेले.

"इच्छा कोन मोजनार?" ते म्हणाले. "काम दिसतं."

मग त्यांचं डावं अंग गेलं आणि मी त्यांना माझ्याकडे आणलं. सकाळचा पेपर मी वाचून दाखवायचे. एकदा फुकटच्या रेशनवर कुणा विद्वानाचा लेख होता आणि शेवटी तेच वाक्य. या वेळी रोख मालकांवर नव्हता, रेशनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांवर होता. बाबा ऐकत राहिले. दुपारी त्यांनी ताट सरकवलं.

"माजंच वाक्य हाय ते," म्हणाले. "आता मी कोनतं काम करायलोय, सांग."

मी चिडले. "मूळ वाक्य तसं न्हाई, बाबा. तुमची इच्छा हाय ना कामाची?"

"लय हाय."

"मग जेवा की!"

"आदी काम दे, माय."

मी सुपात भुईमुगाच्या शेंगा दिल्या. उजव्या हाताने एकेक फोडायचे, मूठभर दाणे झाले की जेवायचे. आमच्याकडे रोज शेंगदाण्याची चटणी. शेजारी हसायचे, मीही हसायचे. मनात मात्र धसका होता, हा हात थांबला तर?

थंडीत तोही थांबला. मी पेज भरवायला बसले. बाबांनी सुपाकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मी त्यांच्या कानाशी मूळ वाक्य म्हटलं, पुन्हा म्हटलं, शेवटी ओरडले, "इच्छा, बाबा, इच्छा!" ओठ उघडले नाहीत ते नाहीतच.

बाबा गेल्यापासून पेपरात ते वाक्य दिसलं की मी पान उलटते. रविवारी कॉलेज नसतं. ताट वाढून घेते आणि समोर कोणीतरी बसलंय असं वाटतं. भीती वाटते, खरंच. खुळचटपणा आहे, कळतं मला. तरी उठते, सूप आणते, चार शेंगा फोडते आणि मगच जेवते.