बसम्माला काय समजलं

बिदरकडच्या खटकचिंचोळी गावात जगदेवप्पा अडत्यांनी वडिलांच्या नावानं धर्मार्थ दवाखाना काढला, तेव्हा शिवशंकरप्पा तिथं बाटल्या धुवायला लागले. डॉक्टर आले, गेले, बदलले. शिवशंकरप्पा मात्र जागचे हलले नाहीत. बाटल्या धुता धुता हातात खल आला, खलावरून ते औषधाच्या काट्यावर गेले, आणि कधीतरी लोक त्यांना कंपौंडर अप्पा म्हणू लागले. सनद नव्हती. हैद्राबादची परीक्षा सोडाच, साधी शाळेची परीक्षाही त्यांनी उभ्या जन्मात दिली नव्हती. पण एकवीस वर्षांत त्यांच्या हातचं एक औषध चुकलं नाही.

फसली तेराशे अठ्ठेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते आपणहून डॉक्टर उद्धवरावांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, काल काट्याची सुई मला दोनदा बघावी लागली. तिसऱ्यांदा तर बोटानं चाचपली. डोळ्यावर पडदा यायलाय. आता माझ्या हातनं औषध द्यायचं न्हाई."

डॉक्टरांनी बत्ती लावून डोळे तपासले. मग म्हणाले, "तुमच्या जागी माणूस घ्यावा लागंल. पण तो तुम्हीच पारखून घ्या, अप्पा. मला नुस्खा लिहिता येतो. औषध देणारा हात कसा असावा, ते तुम्हाला जास्त कळतं."

शिवशंकरप्पा विचारात पडले. ज्यानं कधी परीक्षा दिली नाही, त्यानं सनदवाल्यांची परीक्षा घ्यायची! लोक काय म्हणतील? दोन दिवस त्यांना भाकरी गोड लागली नाही. काय विचारायचं माणसाला? औषधांची नावं? ती तर पुस्तकातही असतात.

तिसऱ्या दिवशी खल धुताना त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. तरुणपणी ते दुसऱ्या एका गावी एका वैद्याकडं हरकाम्या होते. तिथं एका म्हातारीला दोन बाटल्या दिल्या होत्या, एक पोटात घ्यायची, एक गुडघ्याला चोळायची. चिठ्ठ्या उर्दूत होत्या, अक्षर मोत्यासारखं होतं. म्हातारी चोळायचं तेल प्याली. चार दिवस ती मरणाच्या दारात होती, मग वाचली. वैद्य सगळ्यांना सांगत होता, "मी बरोबर लिहिलं होतं." ते खरंच होतं. त्यानं बरोबरच लिहिलं होतं.

शिवशंकरप्पांनी हातातला खल खाली ठेवला. परीक्षा कशी घ्यायची, ते त्यांना कळलं होतं.

उमेदवार तिघं आले. पहिला हणमंतराव, हैद्राबादेत दोन वर्षं शिकून सनद घेतलेला, अंगात काळा कोट, जिभेवर साफ उर्दू. दुसरा गुरुलिंग, जगदेवप्पांच्या बहिणीचा मुलगा, स्वभावानं गरीब, पण कामात जरा घाईचा. आणि तिसरी राजेश्वर गावची राजूबाई. ती सोनाराच्या घरची सून. बिदरला मिशनच्या शाळेत चार यत्ता इंग्रजी शिकलेली, पुढं लग्नाआधी तिथल्याच दवाखान्यात वर्षभर औषधाच्या पुड्या बांधलेली. तिला तिचा नवरा राघोबा बैलगाडीतून घेऊन आला होता.

जगदेवप्पांनी त्यालाच उमेदवार समजून आत बोलावलं. राघोबा हसून म्हणाला, "मी न्हाई, अण्णा. परीक्षा तिची हाय. मी नुसता गाडी हाकायलो."

जगदेवप्पांचा चेहरा बदलला. डॉक्टरांकडं वळून ते हळूच म्हणाले, "बाईमाणूस? दवाखान्यात? लोक काय म्हणतील?"

"अण्णा, आधी काट्यावर बघू," शिवशंकरप्पा म्हणाले. "काट्याला बाई आणि बाप्या कळत न्हाई."

पहिलं काम बारा पुड्यांचं होतं. चूर्णाचा ढीग समोर, प्रत्येक पुडी पाच ग्रेन वजनाची. हणमंतरावांनी झरझर बारा पुड्या बांधल्या, सगळ्या बरोबर. गुरुलिंगाच्या दोन पुड्या जास्त भरल्या, एक उणी निघाली. राजूबाईनं आधी रिकामा काटा तोलून पाहिला. एका पारड्यावर फुंकर मारली, पदरानं पुसलं, पुन्हा तोललं. तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पण शिवशंकरप्पांनी दोन पारड्यांत एकेक पुडी ठेवून पाहिली, तर सुई हललीच नाही. सोनाराच्या घरात गुंजभर सोनं तोलताना श्वास रोखायची सवय तिला होती.

दुसरं काम नुस्खा वाचायचं. डॉक्टरांनी तो घाईत लिहितात तसाच लिहिला होता, एक आकडा शाईत पसरलेला. गुरुलिंगानं त्याला जमेल तसा वाचला आणि औषध चौपट धरलं. हणमंतरावांनी बरोबर ओळखलं. राजूबाईनं कागद उजेडात धरला, पुन्हा धरला, आणि सरळ डॉक्टरांपुढं ठेवला.

"साहेब, ह्यो आकडा एक हाय का चार हाय, मला कळंना. तुम्ही सांगा, मग मी करते."

जगदेवप्पा पुढं सरसावले. "बघा, हिला वाचता येईना!"

डॉक्टरांनीही मान हलवली. "हणमंतरावांना आलं की."

"हणमंतरावांनी ओळखलं, साहेब, वाचलं न्हाई," शिवशंकरप्पा म्हणाले. आपला आवाज इतका ठाम निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. "शिकलेले हायत, म्हणून आज बरोबर ओळखलं. शंभरदा ओळखतील, एकदा चुकतील. आणि त्या एका वेळेला बाटली कुणाच्या तरी घरी गेलेली असंल. इचारणाऱ्याची चुकीची बाटली जात न्हाई."

हणमंतराव ताडकन उठले. "माफ करा, पण आपली स्वतःची सनद कुठली, अप्पा?"

जो प्रश्न दोन दिवस शिवशंकरप्पांच्या मनात होता, तो आता सगळ्यांसमोर पडला होता.

"मला सनद न्हाई," ते म्हणाले. "म्हणूनच पुढली परीक्षा मी घेणार न्हाई. ती बसम्मा घेणार हाय."

बसम्मा दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहणारी म्हातारी. तिला कन्नड सोडून दुसरी भाषा येत नव्हती. मराठी कळायची ती बाजारापुरती, उर्दूचं तर नाव नको. शिवाय कोटवाला माणूस समोर दिसला, की ती तो म्हणेल त्याला मान डोलवायची. याच गुणासाठी शिवशंकरप्पांनी तिला निवडलं होतं. दोन सारख्या बाटल्या होत्या, एकीत गुळाचं पाणी, दुसरीत हळदीचं. एक पोटात घ्यायची, एक गुडघ्याला चोळायची. कोणती कशाला, हे दर उमेदवाराला बदलून दिलं होतं. उमेदवारानं बसम्माला समजावून सांगायचं. मग बसम्मा बाजूच्या खोलीत जाणार, आणि तिला काय समजलं ते शिवशंकरप्पा तिलाच विचारणार.

जगदेवप्पांना हसू आलं. "परीक्षा उमेदवाराची का बसम्माची?"

"औषध कोण घेणार, अण्णा? उमेदवार का बसम्मा?"

हणमंतरावांनी दोन्ही बाटल्यांवर सुंदर चिठ्ठ्या चिकटवल्या, उर्दूत आणि इंग्रजीत. मग बसम्माला अदबीनं सगळं सांगितलं. ती प्रत्येक वाक्याला "हां, हां" म्हणत राहिली. बाजूच्या खोलीत शिवशंकरप्पांनी कन्नडमध्ये विचारलं, तर ती हळूच म्हणाली, "दोन्ही प्यायच्या. साहेब लई चांगला माणूस हाय."

गुरुलिंगाला कन्नड येत होतं, तरी त्यानं एका दमात सगळं ओतून टाकलं. बसम्माला चोळायची बाटली कळली, पण प्यायची किती वेळा ते विसरली.

राजूबाईचं कन्नड मोडकं होतं. राजेश्वरच्या बाजारात शेजारणींकडून शिकलेलं, मध्ये मध्ये मराठी घुसलेलं. ती बसम्मापुढं जमिनीवरच बसली. कागदाची एक पट्टी घेतली, तिच्या कडेला कात्रीनं सहा खाचा पाडल्या आणि प्यायच्या बाटलीवर चिकटवली. "एवढं औषध उतरलं, की एक वेळ झाली." मग चोळायच्या बाटलीच्या गळ्याला तिनं खरबरीत सुतळी गुंडाळली, दोन वेढे. बसम्माचा हात धरून तो सुतळीवर फिरवला.

"अव्वा, इदु हच्चोदु, हे चोळायचं. गुडघ्याला. डोळे मिटले तरी हाताला लागतं बघ." दुसऱ्या बाटलीवर हात नेला. "इदु कुडियोदु, हे प्यायचं. दिवसातनं तीनदा." मग हसून म्हणाली, "आता तू मला सांग. मी आजारी, तू कंपौंडर."

बसम्मा लाजली, मग खुलली. राजूबाईचा हात धरून तिनं सगळं उलट सांगितलं. एकदा चुकली. राजूबाईनं पुन्हा सुतळीवर हात ठेवला, बसम्मानं पुन्हा सांगितलं.

बाजूच्या खोलीत शिवशंकरप्पांनी प्रश्न विचारायच्या आधीच बसम्मा सांगत सुटली. कुठली प्यायची, किती, दिवसातनं कितीदा, कुठली चोळायची. डोळे मिटून तिनं सुतळीची बाटली उचलून दाखवली. तिचा आवाज भिंतीपलीकडं स्पष्ट ऐकू येत होता. डॉक्टर उद्धवराव उठून दाराशी आले. जगदेवप्पाही आले.

"अप्पा," डॉक्टर म्हणाले, "ही परीक्षा मला हैद्राबादेत कुणी घेतली असती, तर मी नापास झालो असतो."

जागा राजूबाईला मिळाली. ती बाहेर आली. राघोबा बैलांना पाणी पाजत होता. तिनं नुसती मान डोलवली. राघोबानं हातातली बादली तिथंच आदळली आणि भर बाजारात ओरडला, "पास झाली! आमची राजू पास झाली!" कापडवाले, भाजीवाल्या, सगळे माना वळवून बघू लागले. बसम्मा काठी टेकत मागून आली आणि सगळ्यांना सांगू लागली, की परीक्षा आपण घेतली.

हणमंतराव दाराशी कोटाच्या खिशात सनद घालून उभे होते. शिवशंकरप्पांना वाटलं, आता हे रागानं निघून जातील. पण ते जवळ आले आणि खाली बघत म्हणाले, "अप्पा, दोन्ही प्यायच्या म्हणाली ती. मी तर नीट सांगितलं होतं."

"व्हय. नीट सांगितलं होतं तुम्ही."

"तर मला कन्नड शिकवायला कुणी मिळंल का इथं?"

शिवशंकरप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पंधरा दिवस राहा माझ्या घरी. आमच्या घरात दुसरं काही बोलतच न्हाईत."

पुढच्या बाजारच्या दिवशी दवाखान्यासमोर बायकांची रांग लागली. याआधी बायका यायच्या त्या नवऱ्याला किंवा सासूला पुढं घालून, आणि दुखणं सांगायचं ते तेच सांगायचे. आता एकेक जण राजूबाईच्या खिडकीशी वाकून कानात बोलू लागली. राजूबाई ऐकायची, डॉक्टरांकडं जाऊन सांगायची, औषध बनवायची, आणि मग प्रत्येकीकडून सगळं उलट वदवून घ्यायची. शिवशंकरप्पा बाजूच्या बाकावर बसून ऐकत होते. डोळ्यांना अंधुक दिसत होतं, पण खलाचा आवाज बरोबर होता.

दुपारी जगदेवप्पा आले, आणि रांगेत त्यांना आपलीच बायको दिसली. सिद्धव्वा, पदर पुढं ओढून उभी होती.

"तू कामून इथं?"

"दोन वर्षं झाली पोटात दुखायलंय," ती हळूच म्हणाली. "आजवर कुणाला सांगायचं, ते कळत नव्हतं."

जगदेवप्पा रांगेपासून बाजूला होऊन बाकावर शिवशंकरप्पांशेजारी बसले. सिद्धव्वा खिडकीशी पोचली आणि वाकून राजूबाईच्या कानात बोलू लागली. मग जगदेवप्पा म्हणाले, "अप्पा, कोहिनूर गावाला दुसरा दवाखाना काढायचा इचार करायलोय. तिथल्या माणसाची परीक्षा तुम्हीच घ्यायची. आणि राजूबाईनं तुमच्या शेजारी बसायचं."