मी न गेलेल्या जॉर्जियाचा गाईड

जॉर्जिया मी पाहिलाय! किल्ला पाहिला, गंधकाच्या गरम पाण्याची न्हाणीघरं पाहिली, बर्फाचे डोंगर पाहिले. मग तुझा एकही फोटो कसा नाही, म्हणता? तेच तर सांगायला बसलोय. चहा ओता, आणि एवढा मोठा गाढव तुम्ही याआधी पाहिला असेल, तर मला जरूर भेटवा.

ताइफला कंपनीच्या कॅम्पात माझ्या खोलीत आणखी दोघं जण. रत्नागिरीकडचे नझीरचाचा, वेल्डर. आणि साताऱ्याचे शंकरदादा, इलेक्ट्रिशियन. दोघांची निम्मी हयात सौदीत गेली, आणि पाहिलं काय? कॅम्प, साइट आणि किराण्याचं दुकान! मी नवाकोरा इंजिनिअर, डोक्यात नुसती क्रांती. एकदा जेवताना मी ताट सारून उभाच राहिलो.

"कामगाराला जग बघायचा हक्क नाही? आपण युरोप बघायचा!"

"बस रे बाबा, आमटी सांडशील," नझीरचाचा म्हणाले. मग घास हातातच ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "तिकडे बर्फ असतो काय? जमिनीवर पडलेला? रमजाननंतर मी कायमचा घरी चाललो. एकदा हातात घेतला असता."

झालं! मला आणखी काय हवं होतं? आता कोणी अडवून दाखवा!

जॉर्जिया ठरला, कारण आमचा सौदीचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, दाखवला की तिथं वेगळा व्हिसा लागत नाही. "पण त्यो युरोपात येतो का?" शंकरदादांनी शंका काढली. "चर्च आहे, किल्ला आहे, बर्फ आहे. अजून काय पाहिजे?" म्हणून मी भूगोलाचा तो प्रश्न तिथल्या तिथे मिटवला.

राहिली एकच गोष्ट. आपल्याला इथून बाहेर पडून परत यायचं, तर कंपनीकडून एक्झिट री-एन्ट्री व्हिसा काढून घ्यावा लागतो. त्यासाठी मी ऑफिसात थडकलो. तिथले यूसुफभाई हैदराबादचे, फार शांत माणूस. मी दारातूनच भाषण ठोकलं. या दोन माणसांनी कंपनीसाठी हाडं झिजवली, त्यांना नाही म्हणायची कुणाची हिंमत आहे, वगैरे वगैरे. नाही कुणीच म्हटलं नव्हतं, हे आता आठवतं.

"दोनों का हो जाएगा, मियाँ. पानी पियो," यूसुफभाई म्हणाले. "और आपका?"

मी ऐन रंगात! छातीवर हात ठेवून गरजलो, "मैं यहाँ अपने लिए कुछ माँगने नहीं आया!"

"नक्को?"

"नक्को!"

काय वाक्य होतं! परत येताना मीच माझ्यावर खूश. तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या आलं नाही. थेट जेद्दाच्या विमानतळापर्यंत आलं नाही!

शुक्रवारी निघालो. शंकरदादा आणि मी मुसलमान नसल्याने आम्हाला मक्केतून जाता येत नाही, म्हणून बाहेरचा लांबचा रस्ता. वाटभर मी दोघांना पिडत होतो. "पासपोर्ट घेतला? इकामा घेतला? नीट बघा, तुमच्या एका चुकीने सगळ्यांची ट्रिप बोंबलेल!"

पासपोर्टच्या खिडकीतून चाचा गेले, दादा गेले. माझ्या वेळी अधिकाऱ्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "मा फी व्हिसा." म्हणजे व्हिसा नाही.

मी हसलो. बिचाऱ्याला माहीत नसेल! मी त्याला समजावायला लागलो, जॉर्जियाला व्हिसा लागतच नाही, मी सगळं वाचलंय. तो पुन्हा "मा फी". मी मोबाइलवर जॉर्जियाचे नियम काढून खिडकीच्या काचेला लावले. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी त्याने सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं इंग्रजीत सांगितलं, "जॉर्जियात जायला नाही. इथून निघायला."

मी यूसुफभाईंना फोन लावला.

"पूछा तो था, मियाँ! आपइच बोले नक्को."

"आता काढा ना!"

"बड़े साब की मंज़ूरी होना. साब इतवार को मिलते."

रविवारी! आणि सोमवारी आमचं परतीचं विमान!

पलीकडून चाचा ओरडले, "तू नाय तर आम्ही पण नाय!"

"आरं, इंग्रजी कोन बोलनार तिथं?" शंकरदादा.

"जा म्हणतो ना!" मी इकडून ओरडलो. "मी फोनवर आहे! एकेक दगड समजावतो!"

आणि समजावला, हो! ताइफच्या खोलीत लुंगीवर बसून, व्हिडिओ कॉलवरून मी त्या दोघांना जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी फिरवली. हॉटेलवाल्याशी बोललो, टॅक्सीवाल्याशी भांडलो. निम्मा किल्ला शंकरदादांच्या अंगठ्यामागून पाहिला. "दादा, बोट काढा!" "कुठलं?" "कॅमेऱ्यावरचं!" "मग फोन धरू कशानं, लका?"

दुसऱ्या दिवशी ते डोंगरात पोचले, आणि चाचांनी बर्फ उचलला. या हातातून त्या हातात केला. मग हुंगला.

"अरे, ह्याला मासळीचा वास नाय!"

आयुष्यभर बंदरावरचाच बर्फ पाहिलेला माणूस! मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवत नाचलो. खरंच सांगतो, त्या क्षणी मी तिथेच होतो.

मग ते वर चर्चपाशी गेले. यासाठी मी रात्र रात्र वाचलं होतं! "आता शांत ऐका," म्हणून मी सुरू केलं. राजे, स्वाऱ्या, दगडी बांधकाम. एवढ्यात पडदा काळोखला. ढग! थेट कॉकेशसचा ढग! मी बेभान झालो. "हलू नका! हा ढग अंगावर घ्या! आणि ती केशरी छटा दिसते? मावळतीचा रंग आहे तो! मनात साठवून ठेवा!" पलीकडे अगदी शांतता. मला वाटलं, भारावलेत बिचारे. मी आणखी अर्धा तास बोललो.

अचानक लख्ख उजेड आणि चाचांचा चेहरा. तोंडात घास.

"अगो बाई! तू अजून आहेस? आम्ही कधीच खाली उतरलो. चीज भरलेली रोटी खातोय."

"आणि तो ढग?"

"कसला ढग? हात गारठले म्हणून फोन जाकिटाच्या खिशात टाकला होता."

"पण मावळतीचा रंग?"

मागून शंकरदादांचा आवाज आला. "आरं, दुपारचं बारा वाजल्यात! चाचाच्या जाकिटाचं अस्तर केशरी हाय."