रणातून एकटी परतलेली जीप

वसईतली ती घटना आठवली, की आजही हातातला घास हातातच राहतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं विसरूनही गेलो. ही केस मात्र विसरता आली नाही, आणि हिच्यात तर खूनही नव्हता. नावं सांगणार नाही. त्या घरातली माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांनी पुरेसं सोसलंय.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आमचा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. वसईकडच्या एका पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. संक्रांत होऊन आठवडा उलटला होता. शुक्रवारी सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एक बाई येऊन बसल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, किनाऱ्याकडच्या बागायतदार घरातल्या. नवरा परत आला नाही, अशी त्यांची तक्रार होती.

हकिकत साधी होती. नवऱ्याने नवी कोरी फोर व्हील ड्राइव्ह जीप घेतली होती. आख्ख्या आळीने तिला हार घातले, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. मग कच्छचं पांढरं रण बघून येतो म्हणून नवरा निघाला. सोबतीला बाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे नवऱ्याचा मेहुणा. तो विरारला फ्लॅटमध्ये राहायचा आणि मुंबईत नोकरी करायचा. गेले दोघं आणि गुरुवारी रात्री जीप घेऊन आला एकटा मेहुणा. भावोजी भुजला उतरले, द्वारका करून रेल्वेने येतो म्हणाले, असं त्याने बहिणीला सांगितलं.

"मग अडचण काय आहे, ताई?" मी विचारलं.

"साहेब, रविवारी आमच्या केळीची कापणी आहे. व्यापारी येणार. घडाला कोयता ते स्वतः लावतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. कापणी टाकून ते द्वारकेला जाणार नाहीत."

"रविवारला अजून दोन दिवस आहेत ना? येतील की."

"आणि त्यांची पिशवी गाडीतच आहे. कपडे, दाढीचं सामान, सगळं."

त्या दिवशी एका मंत्र्याच्या दौऱ्याचा बंदोबस्त होता. सकाळपासून फोन थांबत नव्हता आणि माझं डोकं फिरलेलं होतं. शिवाय सख्खा भाऊ सांगतोय, त्यावर बहिणीचा विश्वास नाही, याचा मला उगाच राग आला. मी म्हणालो, "ताई, आयुष्यभर बागेत राबलेला माणूस आहे. नवऱ्याला चार दिवस मोकळं फिरू द्या की जरा!" टेबलाशी उभे असलेले दोन शिपाई हसले. बाई हसल्या नाहीत. पदर सावरून उठल्या आणि गेल्या. मिसिंग रजिस्टरला नोंद झाली नाही. स्टेशन डायरीतसुद्धा नाही.

सोमवारी त्या पुन्हा आल्या. या वेळी टेबलापाशी बसल्या नाहीत, थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "रविवार झाला, साहेब. व्यापारी येऊन परत गेला."

आवाज चढलेला नव्हता, पण मला खुर्चीत बसवेना. मिसिंग नोंदवून घेतली, मेहुण्याला बोलावणं पाठवलं आणि जीप घेऊनच ये म्हणून सांगितलं.

मेहुणा दुपारी आला. तिशीचा, नीट भांग पाडलेला, शर्ट खोचलेला. त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. माझी पद्धत अशी, की माणसाला आधी प्रवास सांगायला लावायचा. कुठे जेवलात, डिझेल कुठे भरलं, रात्री कुठे थांबलात. खरं सांगणारा माणूस मध्येच अडखळतो, "नाही नाही, त्याच्या आधी चहा घेतला" म्हणतो. हा एकदाही अडखळला नाही. वसई ते भुज त्याने धडा पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं.

"भुजच्या पुढे गेला होतात?"

"नाही सर. म्हणजे थोडं, रण बघायला. रोडवरूनच बघितलं."

"रस्ता सोडला होता?"

"गॉड प्रॉमिस, सर. डांबरी रोड सोडलाच नाही."

माझ्याकडे एक जुने हवालदार होते. खाडीकाठच्या मिठागरवाल्या गावचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, बोलणं कमी, बघणं जास्त. मी त्यांना जीप बघून यायला सांगितलं होतं. अर्ध्या तासाने ते आले. गुडघ्याला माती, हातात वर्तमानपत्राचा तुकडा. मला खुणेने बाहेर बोलावलं.

"साहेब, गाडीला पानी मारलंय. चकाचक केलीय. पन आडवं पडून वर बघितलं, तर चासीच्या वरच्या अंगाला, नळीच्या मागं, हे मिळालं."

कागदावर करडा वाळलेला चिखल होता आणि त्यात मिठाचे पांढरे खडे.

"आपल्याच मिठागरातलं असेल," मी म्हणालो.

"नाय साहेब. आपला चिखल काळा, वास मारनारा. आनि हे चाखून बघा." मी जिभेला लावलं. खारट होतं, आणि मागून कडू. "आपलं मीठ असं कडू नाय. आनि दुसरं म्हंजे, गाडी मिठावरून नुसती गेली, तर खालनं उडतं, खालीच लागतं. हे वरच्या अंगाला बसलंय. गाडी पोटापर्यंत रुतली होती, साहेब."

मी आत जाऊन तो कागद मेहुण्यापुढे ठेवला. त्याने कागदाकडे पाहिलं. मग तो मोठा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला.

पुढचा जबाब त्याने हुंदके देत दिला. ते दोघं आदल्या आठवड्यातल्या सोमवारी रणात शिरले होते. सीमेजवळचा भाग, परवाना लागतो, पण त्या दिवशी कचेरी बंद मिळाली. भावोजी म्हणाले, जरा आत जाऊन लगेच फिरू. समोर सगळं पांढरंशुभ्र. मेहुणा नको म्हणत होता. भावोजी म्हणाले, "अरे, आपण मिठागरं बघत वाढलो. पांढरं दिसतंय म्हणजे खाली तळ टणक. आणि चारही चाकं ओढणारी गाडी आहे ही, घाबरतोस काय?" दोन-तीन किलोमीटर गाडी सुरेख चालली. मग एकदम पापुद्रा फुटला आणि ती पोटावर बसली. चारही चाकं फिरू लागली, तशी आणखी खाली गेली.

दाराशी उभे असलेले हवालदार हळूच म्हणाले, "आमच्याकडं मीठ धरायच्या आधी मानसं दिवसच्या दिवस तळ तुडवतात, तेव्हा तो टनक होतो. तिकडं रणात कोन तुडवनार?"

दुपारी भावोजी मदत आणायला पायी निघाले, सीमेच्या बाजूला, तिकडे कोणी भेटेल म्हणून. मेहुणा गाडीपाशी थांबला. रात्र गेली, ते आले नाहीत. मंगळवारी मिठाच्या कामावरचा एक ट्रॅक्टर दिसला. त्यांनी साखळी लावून जीप बाहेर काढली आणि विचारलं, सोबत कोणी आहे का?

"आणि तू काय सांगितलंस?"

"एकटाच आहे म्हणालो, सर."

"का?"

"ते चौकीवर सांगणार होते, सर. आमच्याकडे परमिट नव्हतं. त्यात एक माणूस पायी बॉर्डरच्या साइडला गेलाय असं कळलं असतं, तर हेर समजून आत टाकलं असतं दोघांना. मारलं असतं. मला वाटलं, मीच शोधीन. बुधवारी दुपारपर्यंत फिरलो. त्या बाजूला फार आत जायची हिंमत झाली नाही. मग डिझेल संपत आलं." तो थांबला. "ताईला काय सांगणार होतो, सर? रस्ताभर तेच ठरवत आलो."

मी त्याच्यावर हात उगारला नाही. उगारावासा वाटला, हे मान्य करतो. संध्याकाळी कच्छला बिनतारी संदेश गेला. एसटीडी फोन लावून तिकडच्या अधिकाऱ्याशी बोललो. ठिकाण, दिशा, अंगावरचे कपडे, सगळं दिलं. त्यांचं पथक दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, उजाडताच निघालं. त्यांना चार तास लागले. फक्त चार.

सोडून दिलेल्या मिठाच्या कामावरची एक पडकी झोपडी होती, मेहुणा जिथे जायला घाबरला त्या बाजूला. भावोजी तिथे मिळाले. पाऊल मोडलेलं होतं, म्हणून पुढे जाता आलं नव्हतं. झोपडीत एका पिंपाच्या तळाशी पाणी असावं, ते त्यांनी पुरवून प्यायलेलं दिसत होतं. थंडीचे दिवस होते. डॉक्टरांनी लिहिलं, मृत्यू होऊन दोन-अडीच दिवस झाले असावेत.

म्हणजे रविवार. किंवा शनिवारची रात्र. तो अहवाल मी तीनदा वाचला, चौथ्यांदा वाचायची गरज नव्हती.

प्रकरण त्यांच्या हद्दीतलं, म्हणून कागद तिकडे वर्ग केले. मेहुण्याला कायद्याने जे भोगायचं ते त्याने भोगलं, उरलेलं त्याला घरी बसून भोगायचं होतं. तेरावं झाल्यावर बाई सामान घ्यायला आल्या. पावतीवर सही केली, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, शुक्रवारी मी आले होते, तेव्हा ते होते ना?"

खोटं बोलता आलं असतं. डॉक्टरी कागद त्यांना वाचता येणार नव्हता आणि मीही कोणाला दाखवणार नव्हतो. तोंडाशी आलंही होतं. पण त्या घरात एक खोटं येऊन गेलं होतं आणि त्याने काय केलं, ते मी पाहिलं होतं.

"हो, ताई. होते."

त्यांनी पिशवीचे बंद घट्ट बांधले. मग म्हणाल्या, "माझा भाऊ तुमच्या लोकांना घाबरला म्हणून खोटं बोलला. तुम्हाला कोणाची भीती होती?"

त्या उठून गेल्या. मागे मी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि आतून दार लावून घेतलं. पोलीस ठाण्यात बसून मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो.

पुढे चौदा वर्षं नोकरी केली. माझ्या ठाण्यात आलेलं माणूस नोंद केल्याशिवाय परत जाणार नाही, असा हुकूम मी जिथे गेलो तिथे काढला. हाताखालचे लोक कंटाळायचे, साहेब उगाच कागद वाढवतात म्हणायचे. म्हणू देत. पण खरं शिकलो ते याच्याही पलीकडचं. रणात अडकलेला एक साधा नोकरदार, समोर सुटका करणारी माणसं उभी असताना, आपल्या माणसाचं नाव घेत नाही. का, तर गणवेशाची भीती. ती भीती त्याच्या मनात एका दिवसात बसली नव्हती. आम्हीच ती वर्षानुवर्षं बसवली, धाकात ठेवण्यात शहाणपण समजून. त्याचा जबाब मी माझ्या अक्षरात लिहून घेतला आणि खाली त्याची सही घेतली. माझा जबाब मात्र कोणी घेतला नाही. तो आज इथे दिला आहे.