थरथरलेलं वर्तुळ

आमच्या सौंसरच्या शाळेत जीवशास्त्राचे एक सर आहेत. माणसाच्या डोळ्याचं चित्र काढताना ते कंपास घेत नसत. खडू एकदा फिरवला की वर्तुळ अचूक जुळायचं. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते; तास अर्धवट सोडून दारातून बघायचे. पोरांना त्यांचा एकच दम असे, "फळ्यावर जसं आहे, तसंच वहीत पाहिजे. आपलं डोकं नाही लावायचं."

यंदा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कोणी विचारलं की म्हणतात, "थंडी वाजून राहिली." भर एप्रिलमध्येसुद्धा.

काल स्टाफरूममध्ये ते दहावीच्या वह्या तपासत बसले होते. मी सहज एक उघडली. डोळ्याचं वर्तुळ करवतीसारखं दातेरी होतं. दुसऱ्या वहीतही तसंच, तिसरीतही. पोरांनी सरांच्या हाताची थरथर जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

"रागावू नका, सर. लहान आहेत."

"रागावू कायले, मॅडम? पोट्ट्यायनं बराबरच काढलं."

त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि एकेका वहीवर बरोबरची खूण करत गेले. थंडीचं नाव त्यांनी काढलं नाही.